दोन यंत्रं आणि आक्काचा हात

माझ्या आक्काची उजवी मूठ पूर्ण मिटत नाही. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं वाकतात, उरलेली दोन अर्ध्यावर थांबतात. पाण्याचा तांब्या ती डाव्या हातानं उचलते, दाराची कडी डाव्या हातानं काढते. नवीन माणसाला ती जन्माची डावखुरी वाटते. कोणी तसं विचारलं तर ती हो म्हणते आणि विषय संपवते. मी तिथं असले तर मला दुसरीकडे बघावं लागतं.

आमचं मूळ गाव निपाणीजवळ. वडील रोजगारानं जायचे आणि आई तंबाखूच्या वखारीत. आक्का माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. मी जन्मले तेव्हा ती चौथीत होती. मला सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून तिची शाळा तिथंच सुटली. दुपारी आईला जेवणाची सुट्टी झाली की मला पाजायला ती कडेवर घेऊन वखारीच्या फाटकाशी उभी राहायची. आईच्या पदराला लागलेल्या तंबाखूच्या भुकटीनं मी शिंकायचे, आणि शिंका थांबल्याशिवाय दूध ओढायचे नाही. तोवर आईची सुट्टी संपायची. हे सगळं मला आक्कानंच सांगितलेलं आहे, आणि सांगताना ती हसते.

पुढं तिचं लग्न बेळगावात झालं. दाजी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात टर्नर होते. वडगावात दोन खोल्यांचं घर, दोन्ही बाजूंना माग. भिंतीला पाठ टेकली की शेजारच्या मागाचे ठोके पाठीत लागायचे. मी एसएसएलसी, म्हणजे दहावी, पास झाले तेव्हा वडिलांनी पुढचं काही ठरवलं नव्हतं. ठरवण्यासारखं काही असतं हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. आक्का एका शनिवारी निपाणीला आली, रविवारी माझी ट्रंक भरली आणि मला घेऊन गेली. वडिलांना एवढंच म्हणाली की पोरगी माझ्याजवळ राहील आणि कॉलेजात जाईल. सायन्सला नाव घातलं. दाजींनी कारखान्याच्या पेट्यांच्या फळ्यांतून मला अभ्यासाला टेबल करून दिलं. त्या घरातलं ते एकमेव टेबल.

आक्का तेव्हा कॅम्पात एका लष्करी अधिकाऱ्याच्या बंगल्यावर कामाला जायची. तिथल्या बाईंनी तिला केक शिकवला. बाई मोजून मापून करायच्या, आक्का बघून बघून शिकली. नंतर तिनं बंगल्यावरचं काम कमी केलं आणि घरी गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये केक करून देऊ लागली. पण तिचं खरं काम दिवाळीचं. वडगावातल्या बायका सणाच्या आधी पंधरा दिवस तिच्याकडे डबे आणून द्यायच्या. डब्यात मैदा, रवा, पिठीसाखर आणि डालडा, झाकणावर खडूनं नाहीतर सुतानं केलेली खूण. आक्का पीठ तयार करायची, नानकटाई वळून पत्र्यावर मांडायची, आणि कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचे पाव निघाले की दुपारी त्याच्या निवत्या भट्टीत ते पत्रे जायचे. ज्या डब्यातून सामान आलं त्याच डब्यातून नानकटाई परत. एकीच्या डब्यातला डालडा दुसरीच्या नानकटाईत गेला असं कधी झालं नाही, आणि बायका तिच्याकडे यायच्या त्या यासाठीच.

या कामात भट्टीचं काम सोपं. अवघड ते तूप फेसणं. परातीत डालडा आणि साखर घेऊन तळव्याच्या खालच्या भागानं गोल गोल रगडत राहायचं, रंग पांढरा होईपर्यंत. बेळगावची ऑक्टोबरातली हवा गार, डालडा दगडासारखा. फेसून झालं की नाही याची खूण म्हणजे त्यातला कणभर गोळा वाटीतल्या पाण्यात टाकायचा. तरंगला तर झालं, बुडाला तर पुन्हा परात. आक्का पाटावर बसायची, परात दोन पायांच्या मध्ये, आणि अख्खा खांदा त्या परातीत घालायची. दाजी बाहेरून आले की म्हणायचे, "तुझ्या भणीच्या हातात डालडा बी पांढरा पडतोय बघ भिऊन."

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला जायच्या बेतात होते तेव्हा मला दिसलं की आक्का धुणं पिळताना कपड्याचं एक टोक नळाला अडकवते आणि डाव्या हातानं पीळ देते. विचारलं तर उडवून लावलं. मग एकदा रात्रीच्या जेवणाला तिच्या हातून भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी चुलीत पडली, तेव्हा दाजी तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. मीही गेले. डॉक्टरांनी मनगट आणि तळवा दाबून बघितला, बोटं एक एक वाकवली. हातातल्या शिरा सुजून जाड झाल्यात, असं ते सोप्या भाषेत म्हणाले. रगडण्याचं काम बंद केलं तर हात सुधारेल. तसंच चालू ठेवलं तर एक दिवस बोटं मिटायची थांबतील, आणि मग औषध नाही. आक्कानं नुसती मान हलवली. येताना वाटेत तिनं दोन नारळ घेतले आणि पिशवी मुद्दाम उजव्या हातात धरली.

त्यानंतर कारखान्यातून यायला दाजींना उशीर होऊ लागला. पंधरा-वीस दिवसांनी आम्हाला कळलं की ते आक्कासाठी तूप फेसायचं यंत्र बनवत आहेत. ओतकामातल्या माणसाला सांगून उरलेल्या रसातून बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक जड पाया ओतून घेतला होता. उभा दांडा आणि पातं त्यांनी लेथवर काढलं होतं. मोटर शेजारच्या मागवाल्याची, सुताच्या कांड्या भरायच्या जुन्या यंत्रावरची, मागून आणलेली. आठवडाभर वापरून बघा, ठेवायची तर सांगा, नाहीतर मला परत द्या, असं तो म्हणाला होता. मोटरवरून दांड्यापर्यंत चामडी पट्टा. खाली स्टीलचं पातेलं.

नेमकं त्याच वेळी बंगल्यावरच्या बाईंच्या साहेबांची बदली झाली. सामान आवरताना बाईंनी आक्काला बोलावलं. त्यांच्याकडे विलायतेहून आणलेलं केकचं यंत्र होतं. साईच्या रंगाचं, वरचं डोकं मागं कलंडणारं, खाली काचेचं जाड भांडं, सोबत इंग्रजी पुस्तिका. आक्काचा हात त्यांनी बघितला होता. हे तू घेऊन जा, पण सोमवारपर्यंत सांग, शेजारच्या मेमसाहेबही मागतायत, असं त्या म्हणाल्या. दाजींनी ते सायकलच्या कॅरिअरला गोधडीत बांधून आणलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. माझी पुस्तकं मी खाली चटईवर घेतली.

म्हणजे त्या रविवारी घरात दोन यंत्रं होती आणि सोमवारी दोघांनाही उत्तर द्यायचं होतं, बाईंना आणि मागवाल्याला. दोन्ही ठेवायला जागा नव्हती, आणि मागवाल्याची मोटर उगाच अडकवून ठेवणं दाजींना पटणारं नव्हतं. सकाळचा चहा झाल्यावर आक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "तू शिकल्याली हाईस. तूच सांग कुठलं ठेवायचं."

त्या वाक्यानं मला किती बरं वाटलं ते आज लिहायला लाज वाटते. त्या घरानं माझ्यासाठी एवढं केलं होतं, आणि माझ्या शिक्षणाचा उपयोग व्हावा असा हा पहिलाच प्रसंग आला होता. मी प्रयोगवहीतलं कोरं पान काढलं, मधोमध रेघ मारली, एका बाजूला 'बाईंचे', दुसऱ्या बाजूला 'दाजींचे' असं लिहिलं. पुस्तिका उघडली. तिच्यात पहिली कृती केकची होती, मी तोच करायचा ठरवलं. दोन्ही यंत्रांत सारखंच सामान, सारखाच वेळ, नंतर एकाच ओव्हनमध्ये एकामागून एक. कॉलेजात शिकवलं होतं तसंच. दाजी दाराच्या उंबऱ्यावर बसून बघत होते. त्यांनी विचारलं, "मास्तरीणबाई, नानकटाईचं बी बघायचं का? तिला ते जास्त लागतंय."

मी म्हणाले, "केक जास्त अवघड असतो दाजी. ज्यात केक होतो त्यात नानकटाई होणारच."

बाईंचं यंत्र शिट्टीसारख्या बारीक आवाजात चाललं. सात-आठ मिनिटांत लोणी-साखर ढगासारखी झाली. अंडी घातली तरी मिश्रण फाटलं नाही. दाजींचं यंत्र मागाच्या आवाजात चाललं, आधीच दोन बाजूंनी माग, त्यात हे तिसरं. पट्टा दोनदा घसरला. दाजींनी उठून त्याला पकडीपुरती थोडी राळ लावली आणि पुन्हा बसले. दुप्पट वेळ लागला. पातेल्याच्या काठाला मशीनतेलाचा बारीकसा वास मला आला. आक्का म्हणाली येत नाही. केक दोन्ही झाले. बाईंच्या यंत्रातला बोटभर जास्त उंच.

ती वही माझ्याकडे आहे. शाई फिकी झाली आहे, पण वाचता येतं. दाजींच्या बाजूला मी चार दोष लिहिले: आवाज फार. वेळ जास्त. पट्टा घसरतो. चौथा असा: बुटके आहे, जमिनीवर बसून वापरावे लागते.

मी पान वाचून दाखवलं आणि बाईंचं ठेवा म्हणून सांगितलं. दाजी "मग झालं तर," म्हणाले. त्यांनी पट्टा काढला, गुंडाळला, खिशात घातला. आक्का त्या वेळी पदरानं बीडाचा पाया पुसत होती. दाजींनी पट्टा काढला तरी ती पुसतच राहिली. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मोटर पोत्यात बांधून त्यांनी मागवाल्याला देऊन टाकली.

पुढचे तीन महिने चांगले गेले, हे सांगायला हवं. आक्का टेबलाशी उभी राहून केक करायची. हाताची सूज उतरली. श्रावणात तिनं माझी वेणी उजव्या हातानं घातली. कॅम्पातून केकची मागणी वाढली आणि घरात काहीतरी नवीन चाललंय असं शेजारी म्हणू लागले. टेबलाशी उभं राहून काम करणारी आक्का मला बंगल्यातल्या बाईंसारखी वाटायची. मी तिला तसं म्हटलंही. तिची पोटरी संध्याकाळी दुखायची, तेव्हा ती पाटावर बसून पाय पसरायची, आणि मला वाटायचं, होईल सवय.

दिवाळी आली. यंत्र आहे म्हणून आक्कानं त्या वर्षी जास्त डबे घेतले. तीसेक तरी असतील. पलंगाखाली, खिडकीत, माझ्या ट्रंकेवर, सगळीकडे डबे. पहिल्या दिवशी तूप-साखर बाईंच्या यंत्रात फेसली आणि मैदा-रवा घातल्यावर हातानं मळायला घेतलं, तर मीच म्हणाले की हे सुद्धा यंत्रातच कर, हाताला कशाला त्रास. तिसऱ्या डब्याला आतून कडकड आवाज आला. मोटर चालत होती, पातं जागेवर उभं.

दाजींनी रात्री यंत्र उघडलं. आत एक पांढरं नायलॉनचं दात्यांचं चाक होतं आणि त्याचे अर्धे दाते घासून गेले होते. खडेबाजारात, कॅम्पात विचारलं, असलं चाक कुणी बघितलंही नव्हतं. बाई गेल्या होत्या आसामच्या बाजूला. मी म्हणाले, पितळेचं करा. दाजी ते चाक बोटात धरून फिरवत बसले होते. म्हणाले, "पितळ मोडायचं न्हाई. पर मग जोर कुठं जाईल?"

माझ्याकडे उत्तर होतं. धातूंच्या मजबुतीबद्दल आम्हाला एक धडा होता. मी म्हणाले, "चाक मोडणार नाही दाजी, एवढं नक्की." बेळगाव तेव्हाही कारखान्यांचं गाव होतं, लाकडी मोडलं की लोखंडी करायचं, लोखंडी झिजलं की पोलादी, हे तिथल्या कुणालाही शिकवावं लागत नव्हतं. माझं म्हणणं त्यांच्या कारखान्यातल्या इतरांनाही पटलं असणार. दाजींनी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पितळेचं चाक काढलं. दाते हातानं कानशीनं साफ केले. घरी आणून बसवलं तेव्हा ते सोन्यासारखं चमकत होतं.

चार डबे झाले. पाचव्याला लाखेचा जळका वास आला, डोक्याच्या फटीतून धूर निघाला, आणि मोटर जळून यंत्र कायमचं थांबलं. चाक तसंच होतं, एक दाता सुद्धा वाकला नव्हता.

दाजी त्याच पावली मागवाल्याकडे गेले आणि थोड्या वेळात परत आले. मोटर पुन्हा कांड्यांच्या यंत्रावर बसली होती, सणाच्या साड्यांचं काम जोरात होतं. चालत्या यंत्राची मोटर मागायची कशी, म्हणून ते तोंड न उघडता परत आले होते.

वीसच्या वर डबे उरले होते. मी म्हणाले, परत देऊ या, सगळ्यांना सांगू या यंत्र बिघडलं. आक्का माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी काहीतरी घाण बोलले. "सणाचा डबा तसाच माघारी धाडत्यात व्हय गं कोण?" ती म्हणाली. कुणाच्या घरी सण असताना सामानाचा डबा तसाच परत देणं म्हणजे त्या घराला अशुभ, असं आमच्याकडे मानतात. मी तेव्हा ते मानत नव्हते. ती मानत होती, आणि डबे तिच्या शब्दावर आले होते.

तिनं पाट घेतला, परात घेतली. पहिला डबा मी फेसायला बसले. निम्म्यात माझा दंड भरून आला, डालडा पिवळाच. गोळा पाण्यात टाकला तो खाली गेला. दाजींनी हात धुतले, साबणानं, मग सोड्यानं, मग चिंचेनं. तरी कारखान्यातल्या तेलाचा वास बोटांच्या चिरांतून जाईना. लोकांच्या सणाच्या खाण्याला तो हात लावायचा नाही असं त्यांनी स्वतःच ठरवलं. मग आक्का मला म्हणाली, "तू इथं काय बसलीयास? तुझी परीक्षा हाय. जा."

माझी सहामाही चार दिवसांवर होती. मी एकदा म्हणाले, परीक्षा राहू दे. दुसऱ्यांदा म्हणाले नाही. वही-पुस्तकं घेऊन समोरच्या घराच्या माळ्यावर गेले, तिथं आवाज कमी यायचा. माळ्याच्या खिडकीतून आमचं दार दिसायचं. आक्का पाटावर, आणि तिच्यासमोर दाजी उकिडवे बसलेले, परात सरकू नये म्हणून दोन्ही हातांनी काठ धरून. मी खिडकी लावून घेतली. परीक्षेत मला चांगले गुण मिळाले.

सगळे डबे वेळेवर गेले. त्या वर्षीची नानकटाई फार चांगली झाली होती असं अजून वडगावात कोणी कोणी म्हणतं.

भाऊबीजेला आक्कानं मला ओवाळताना—आम्हाला भाऊ नाही, ती मलाच ओवाळायची—ताम्हण डाव्या हातात घेतलं. उजव्या हाताची दोन बोटं तळव्याकडे जाईनात. मला वाटलं सूज उतरेल. शेक झाला, मालिश झालं, मिरजेच्या दवाखान्यात एकदा जाऊन आलो. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यापेक्षा वेगळं कुणी सांगितलं नाही. पुढच्या वर्षीपासून तिनं डबे घ्यायचे बंद केले. केकही हळूहळू बंद झाला. तिचं स्वतःचं म्हणून जे होतं ते तेवढंच होतं. बाईंचं यंत्र गोधडीत गुंडाळून आमच्या माळ्यावर गेलं, आणि मला टेबल परत मिळालं.

मी पदवीधर झाले. आमच्या घराण्यातली पहिली. बी.एड. करून निपाणीच्या हायस्कुलात शास्त्राची शिक्षिका झाले. निकालाच्या दिवशी आक्कानं गल्लीत पेढे वाटले, डाव्या हातानं, आणि एका म्हातारीनं डाव्या हाताचा पेढा घ्यायला नको म्हटलं. आक्कानं पेढा उजव्या तळव्यावर ठेवून, डाव्या हातानं तो तळवा खालून उचलून तिच्यापुढं केला.

नोकरी लागून चार-पाच वर्षं झाल्यावरची गोष्ट. सुट्टीत वडगावला गेले होते. परसात आक्का दाजींच्या यंत्राच्या बीडाच्या पायावर बादली ठेवून भांडी घासत होती. मी तिच्या हातातली भांडी घेतली आणि तिच्या पाटावर बसले. पाया माझ्यापुढं होता. त्यावर दांड्याचं भोक अजून होतं. सहज हात पुढं केला तर माझं कोपर आपोआप त्याच्या काठावर टेकलं. खांदा उचलावा लागला नाही, वाकावं लागलं नाही. मी आणि आक्का एकाच उंचीच्या.

संध्याकाळी दाजींना विचारलं, तुम्ही ते यंत्र एवढं बुटकं का केलं होतं. ते म्हणाले, "मापलं हुतं मी. ती पाटावर बसली की कोपर कुठं येतंय, दोरी लावून मापलं. तिला बसून कामाची सवय. उभी ऱ्हायली की तिच्या कमरंत धरतंय." पुढं म्हणाले, "आनी पट्टा घसरायचा तो घसरू द्यायचाच असतोय. पीठ घट झालं की पट्टा सरकणार, मोटर वाचणार, बाईमाणसाचा हात वाचणार. यंत्रात काय तरी मऊ ठेवावं लागतंय." बाईंच्या यंत्रातलं नायलॉनचं चाकही त्यासाठीच होतं, हे मला तेव्हा कळलं. ज्यानं ते विलायतेत बनवलं त्याला आणि दाजींना एकच गोष्ट माहीत होती. मधे मी होते.

तेव्हाच का नाही सांगितलं, असं मी विचारलं. दाजी म्हणाले, "तू वही घिऊन बसलीतीस." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

आक्काला मी रात्री सगळं सांगितलं, वहीतल्या चौथ्या दोषासकट. तिनं ऐकून घेतलं. तिला ते बसून वापरायचं यंत्रच हवं होतं का, हे मी शेवटी विचारलं. ती म्हणाली, "ह्यांचं ठेवूया म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, नवऱ्याचं म्हणून ठेवलं. बाईंचं म्हटलं असतं तर ह्यास्नी लागलं असतं. म्हणून तुझ्यावर टाकलं. तू शिकल्याली हाईस, तू बराबर सांगशील असं वाटलं."

तिला ते माझ्याविरुद्ध म्हणायचं नव्हतं. ती अंथरूण घालत होती, डाव्या हातानं, आणि चादरीचं उजवं टोक मी ओढून दिलं.

मी शाळेत प्रयोग शिकवते. तुलना करायची तर ज्या कामासाठी वस्तू हवी त्याच कामावर ती तपासा, हे मुलांना दरवर्षी सांगते. ते पुस्तकात त्या शब्दांत कुठं नाही. मुलं लिहून घेतात आणि पुढं जातात.

गेल्या दिवाळीला आक्का आणि दाजी माझ्याकडे निपाणीला आले. माझ्याकडे आता ओटा आहे, ओट्यावर मिक्सर आहे, पण मी पाट मांडला आणि परात घेतली. फक्त आमच्यापुरता एक डबा. आक्का भिंतीला टेकून बघत होती. पंधरा मिनिटांत मला घाम आला. गोळा पाण्यात टाकला, बुडाला. पुन्हा रगडलं. दुसरा गोळाही बुडाला. मी थांबले नाही. थांबायचं नाही असं मी ठरवून बसले होते.

आक्का पुढं सरकली आणि तिनं माझं मनगट धरलं. न मिटणाऱ्या हातानं धरलं, त्यामुळे पकड नव्हती, नुसती बोटं वर ठेवली होती.

"हात बदल गं," ती म्हणाली. "मी बदलला न्हाई."

दाजी उठून समोर बसले आणि परातीचे काठ धरले. मी डावा हात घातला. डाव्या हातानं मला जमत नव्हतं. वाटीतलं पाणी गढूळ झालं होतं, आक्का ते बदलून आणायला उठली.